गुरुवारची गोळी : पाळणा लांबवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वैशाली (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) आमच्याकडे पहिल्यांदा आली ऑगस्ट २०२२ मध्ये, मोठ्या जावेचं बोट धरून आल्यासारखी. वय २७. इंदूरमधल्या एका जुन्या मराठी वस्तीत घर, खाली दोन खोल्या आणि वर पत्र्याची एक. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांच्या दोन मुली, वैशाली, तिचा नवरा महेश आणि अडीच वर्षांचा अवी. महेश पीथमपूरच्या एका कारखान्यात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. कारखान्याचा हिशेब असो की बाईच्या महिन्याचा, मराठीत दोन्हींना पाळीच म्हणतात, आणि या घरात त्या दोन पाळ्यांचा मेळ कुणी घातलाच नव्हता.

मी एका धर्मादाय दवाखान्यात कुटुंबनियोजनाचं समुपदेशन करते. आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक वेळा स्वतःचा प्रश्न स्वतः मांडत नाहीत, सोबत आलेली बाई मांडते. इथेही तसंच. जाऊबाई बसण्याआधीच म्हणाल्या, "ताई, हिचं ऑपरेशनचं नाव लिहून घ्या. कॅम्प कधी आहे? माझं होऊन सहा वर्षं झाली, मी एकदम बरी आहे." वैशाली पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

जाऊबाईंचं चुकत होतं असं नाही. त्यांनी जे पाहिलं तेच त्या सांगत होत्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्त्री-नसबंदी करून घेतलेली आढळली, आणि पुरुष-नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. म्हणजे आपल्याकडे 'उपाय' या शब्दाचा अर्थच बाईचं ऑपरेशन. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. त्याला शंभर वर्षं उलटली, तरी इंदूरच्या मराठी घरात ही माहिती जावेकडून धाकट्या जावेकडे, तीही स्वयंपाकघरात कुजबुजून जाते.

समस्या

जाऊबाईंना मी केसपेपर काढायला बाहेर पाठवलं. हे मुद्दाम केलं, आणि या प्रकरणात मी पहिल्या दिवशी बरोबर केलेली ती बहुधा एकच गोष्ट. दार लागल्यावर वैशाली म्हणाली, "मला अजून एक हवंय. पण आत्ता नाही. अवी शाळेत जायला लागला की."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अवी जानेवारी २०२० मध्ये सिझेरियनने झाला. घरी सोडताना कागदावर लसींच्या तारखा होत्या, टाक्यांची काळजी होती, पुढचा पाळणा कसा लांबवायचा याबद्दल एक ओळ नव्हती. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागलं, महेश घरी. सासूबाईंनी सांगितलेलं, पोर अंगावर पितंय आणि पाळी आली नाही तोवर काळजी नाही.

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच धोक्याचं. अंगावर पाजण्याने संरक्षण मिळतं, आणि ते चांगलं मिळतं, पण तीन गोष्टी एकाच वेळी असतील तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त आईचं दूध, आणि पाळी परत आलेली नसणे. अवीला सातव्या महिन्यात वरणाचं पाणी आणि मऊ भात सुरू झाला. तिथे हिशेब संपला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. डिसेंबरमध्ये, बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता, तिला दिवस गेले. एका खाजगी ठिकाणी पिशवी साफ करून घेतली.

त्यानंतर दोघं 'सांभाळून' राहू लागली, म्हणजे महेश वेळेवर बाजूला व्हायचा. शंकेच्या दिवशी औषधाच्या दुकानातून तातडीची गोळी. वर्षभरात अशा चार-पाच गोळ्या झाल्या. ही गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती झालेल्या एका प्रसंगापुरती असते. पुढच्या रात्रीचं संरक्षण ती देत नाही. वैशालीला वाटायचं, एक घेतली की त्या महिन्याचं भागलं. मे २०२२ मध्ये पुन्हा दिवस राहिले. यावेळी डॉक्टरकडे न जाता दुकानातूनच गर्भपाताच्या गोळ्या आणल्या, सोनोग्राफीशिवाय. तीन आठवडे अंगावरून जात राहिलं.

"डॉक्टरकडे का नाही गेलीस?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "पोलीस केस होते ना?" १९७१ पासून आपल्या देशात ठरावीक अटींत गर्भपात कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. हे तिला २७ व्या वर्षी, दोनदा त्यातून गेल्यावर कळलं.

तपासणीत पिशवी रिकामी, लघवीची चाचणी निगेटिव्ह, रक्तदाब ११८/७६, हिमोग्लोबिन ८.६. प्रश्न आता नीट मांडता येत होता: दोन-तीन वर्षांचं अंतर हवं, रक्त कमी आहे, आणि गर्दीच्या घरात गुपचूप चालेल असं काहीतरी हवं.

पर्याय आणि तोलमोल

ऑपरेशन बाजूला झालं, कारण तिला मूल हवं होतं. जाऊबाईंचं मन वळवायला एक वाक्य पुरलं: नसबंदी उलटवता येईल अशी आशा धरून करायची गोष्ट नाही. उलटवायची शस्त्रक्रिया असते, पण तिच्या यशाची खात्री नसते.

निरोधाबद्दल वैशाली आधी म्हणाली, "ह्यांना आवडत नाही." मी तेवढ्यावर थांबले आणि पुढचा पर्याय काढला. ही चूक. खरं कारण तीन महिन्यांनी महेशकडून कळलं. इंदूरात कचरा वेगवेगळा द्यावा लागतो, सॅनिटरी कचऱ्याचा डबाही वेगळा, आणि या घरात सकाळी गाडी आली की डबे सासूबाई घेऊन जातात. वापरलेला निरोध कुठल्या डब्यात, कशात गुंडाळून, आणि आईच्या हाताखालून कसा जायचा, हा त्याचा अडथळा होता. आवडण्या-न-आवडण्याचा तो भाग नव्हताच. शहर स्वच्छतेत पहिलं यायला लागल्यापासून ही अडचण मला आणखी दोन-तीन घरांत भेटली आहे. तशी निरोधाची खरी कमजोरी वेगळी: रोजच्या वापरात, विसरणं-चुकणं धरून, १०० जोडप्यांपैकी वर्षाला १३ च्या आसपास जणींना दिवस राहतात. 'सांभाळून' राहण्यात हाच आकडा २० च्या घरात जातो.

मग रोजची गोळी. आणि इथे माझ्या हातून मोठी गफलत होता होता राहिली.

कागदावर माला-एन, म्हणजे सरकारी रोजची गोळी, तिला अगदी चपखल बसत होती. मूल मोठं, वय कमी, रक्तदाब चांगला. गोळीने रक्तस्राव कमी होतो, पाकिटातल्या २८ गोळ्यांपैकी शेवटच्या सात लोहाच्या असतात, आणि ती फुकट मिळते. रात्री जेवणानंतर घेण्याचं ठरलं. मी "बाकी काही त्रास?" असं विचारलं, ती "नाही" म्हणाली, मी पाकीट काढलं. ती उठली, दारापाशी थांबली आणि म्हणाली, "ताई, ह्याच्याबरोबर डोकेदुखीची गोळी चालेल ना?"

"कसली डोकेदुखी?"

"आमची घरचीच आहे, आईलाही होती. आधी डोळ्यापुढे नागमोडी झगमग होते, एका बाजूला. दुकानाची पाटी वाचली तर अर्धी अक्षरं गायब. मग अर्ध्या तासाने डोकं फुटायला लागतं."

ही साधी डोकेदुखी नव्हती. ही डोळ्यांची पूर्वसूचना देणारी अर्धशिशी, आणि अशा बाईला माला-एनसारखी, इस्ट्रोजेन हे हॉर्मोन असलेली गोळी द्यायची नसते, कारण मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन लकवा येण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पात्रतेच्या यादीत हे सरळ 'देऊ नये' या गटात येतं. माझ्या समोरच्या फॉर्मवरही डोकेदुखीचा रकाना होता. मी तो रकाना 'बाकी काही त्रास' या तीन शब्दांत उरकला होता. तिच्या लेखी तो त्रास नव्हताच, घरचं दुखणं होतं. पाकीट परत ड्रॉवरमध्ये गेलं, डॉक्टरांनी तिला तपासून अर्धशिशीवर शिक्कामोर्तब केलं.

अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. घरात काही ठेवायचं नाही, कुणाला दिसायचं नाही. जाऊबाईंनाही ते पसंत पडलं. पण त्याने सुरुवातीला पाळी अनियमित होते, मध्येच डाग पडत राहतात, आणि तीन आठवडे रक्त बघितलेल्या बाईला हे सोसणार नव्हतं. शिवाय इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. ज्या बाईला दोन वर्षांनी मूल हवंय तिला हे सांगितलंच पाहिजे. सांगितलं. तिने मान हलवली: नको.

तांबी, म्हणजे गर्भपिशवीत बसवायची कॉपर-टी, माझ्या मते सगळ्यांत चांगली होती. एकदा बसवली की पाच किंवा दहा वर्षं, काढली की लगेच दिवस राहू शकतात, आणि लक्षात ठेवायचं काही नाही. पण तांबीने पहिले काही महिने पाळी जास्त जाते. ८.६ हिमोग्लोबिनला सक्त मनाई नाही, तरी डॉक्टर म्हणाल्या, आधी रक्त वाढवू. दुसरी अडचण सासूबाई. त्यांच्या माहेरच्या एका बाईची तांबी 'वर चढून छातीत गेली' होती म्हणे.

उरली छाया. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. तिच्यात हॉर्मोन नाही, अर्धशिशीला चालते, आणि तिने पाळी हलकी होते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. अंडाशयात गाठी किंवा नुकतीच कावीळ झालेली असेल तर देत नाहीत. वैशालीला दोन्ही नव्हतं.

काय केलं

पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची. तिची पाळी गुरुवारी आली, म्हणून दुसरा वार रविवार. गुरुवारी तिचा उपास असतो, त्यामुळे तो वार विसरण्याचा प्रश्नच नव्हता. पाकीट राहिलं साबुदाण्याच्या डब्याशेजारी आणि खुणा कालनिर्णयावर. सोबत रक्तवाढीच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या आसपास नाही. चहाचं हे पथ्य तिला सगळ्यांत कठीण गेलं.

दिवाळीत घडी विस्कटली. भाऊबीजेला ती देवासला भावाकडे गेली आणि पाकीट इंदूरातच राहिलं. गुरुवार गेला, रविवारही गेला, मंगळवारी परत आल्यावर आठवलं. अशा वेळी नियम सोपा आहे: आठवताच गोळी घ्यायची, ठरलेले वार तसेच चालू ठेवायचे आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर मात्र पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा. मी हे सांगितलं होतं, पण तोंडी, आणि तेव्हा तिच्या कानात जावेचं ऑपरेशन घुमत होतं. तिने गोळी घेतली, निरोध वापरला नाही, आणि पाळी १६ दिवस लांबली तोवर कुणाला काही बोलली नाही. फोन केला तेव्हा आवाज रडवेला होता. चाचणी निगेटिव्ह आली. छायाने पाळी लांबू शकते. १५ दिवसांवर गेली की चाचणी करून खात्री करायची, एवढंच.

या वेळी महेश बरोबर आला. फाटकापाशी मोटरसायकलवर बसून राहिला होता, मीच आत बोलावलं. कचऱ्याच्या डब्याची गोष्ट तेव्हा निघाली. त्याने विचारलेला पहिला प्रश्न होता, "हिला सारखं रक्त कमी का होतं?" दोन वर्षांत काय काय झालं हे त्याला तारीखवार माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा दुकानातून गोळ्या आणायला तोच गेला होता, पण तीन आठवड्यांचा रक्तस्राव त्याला सांगितला नव्हता, रात्रपाळी चालू होती म्हणून.

जानेवारी २०२३ मध्ये हिमोग्लोबिन ११.२ झालं. वैशाली म्हणाली, "मला लक्षात ठेवावं लागणार नाही असं काहीतरी द्या." सासूबाईंनाही घेऊन ये म्हटलं, आणि त्या आल्या. गर्भपिशवीचा प्लास्टिकचा नमुना हातात दिला. पिशवीतून छातीत जायला वाटच नाही हे त्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं. बसवताना पिशवीला भोक पडून तांबी पोटात सरकण्याचा प्रकार फार क्वचित होतो, साधारण हजारात एखादा, हेही सांगितलं. लपवलं असतं तर त्यांचा विश्वास पहिल्या दुखण्याबरोबर गेला असता. फेब्रुवारीत पाळीच्या दिवसांत तांबी बसली.

पुढच्या तीन पाळ्या जड गेल्या. ओटीपोटात कळा, दुपटीने कपडे. दुखण्याची गोळी आणि लोहावर ते निभावलं, चौथ्या पाळीपासून बरं झालं. पण तिच्या मनात तांबीची आठवण त्या तीन महिन्यांचीच राहिली, आणि त्याचा परिणाम पुढे झाला.

आज हे प्रकरण पुन्हा आलं तर

डोकेदुखी मी आता पहिल्या पाच प्रश्नांत विचारते, आणि 'त्रास' हा शब्द न वापरता: डोळ्यापुढे कधी झगमग होते का, अक्षरं गायब होतात का. दारापाशी तिने तो प्रश्न विचारला नसता तर माला-एन घेऊन ती घरी गेली असती. पुढे काही झालंच असतं असं नाही, पण तो धोका मी पत्करला असता आणि भोगावा तिला लागला असता.

महेशला तीन महिने आधी बोलावता आलं असतं. 'नवऱ्याला आवडत नाही' हे वाक्य मी पुराव्याशिवाय मान्य केलं, कारण ते रोज ऐकते. निरोधाचा मार्ग तेव्हा मोकळा झाला असता तर दिवाळीतला तो महिना इतका वाईट गेला नसता.

गोळी चुकली तर काय, हे आता पाकिटालाच कागद टाचून देतो, मोठ्या अक्षरांत. आणि माहेरी जाणाऱ्या बाईला दुसरं पाकीट पर्समध्ये ठेवायला देतो. नागपंचमी, राखी, दिवाळी यांच्या आधीच्या आठवड्यांत तर आवर्जून.

एका गोष्टीवर दवाखान्यात अजून आमचं एकमत नाही. माझी सहकारी म्हणते, पहिल्या दिवशीच तांबी बसवायला हवी होती. रक्त कमी असलं तरी मनाई नव्हती, आणि पाच महिने आपण ती विसरणार नाही या भरवशावर काढले. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझं उत्तर एवढंच, की ८.६ वर त्या तीन जड पाळ्या आल्या असत्या तर वैशालीने चौथीची वाट न पाहता तांबी काढून टाकली असती.

सर्वांत जुनी चूक आमची नाही, पण ती सगळ्याच्या मुळाशी आहे. जानेवारी २०२० मध्ये, बाळंतपणानंतर घरी सोडताना, कुणीतरी पाच मिनिटं बसायला हवं होतं. सिझेरियनच्या वेळीच तांबी बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. तेव्हा तिला पर्याय होते, माहिती नव्हती.

निष्पत्ती आणि सध्याची स्थिती

जानेवारी २०२४ मध्ये वैशाली तांबी काढायला आली. अवी नर्सरीत जात होता. फॉलिक ॲसिड आधीच सुरू केलं होतं, मार्चमध्ये दिवस राहिले, डिसेंबरमध्ये मुलगी झाली, पुन्हा सिझेरियन. दोन बाळंतपणांत जवळजवळ पाच वर्षांचं अंतर पडलं.

सातव्या महिन्यापासून आम्ही पुढचं बोलत होतो. मी सिझेरियनच्या वेळीच तांबी बसवायचं सुचवलं. तिने साफ नाही म्हटलं. त्या तीन पाळ्या ती विसरली नव्हती. मला तो निर्णय पटला नव्हता, अजूनही पूर्ण पटलेला नाही, पण पर्यायांची यादी वाचून दाखवायची आणि मग आपल्या आवडीचा घ्यायला लावायचा, तर वाचायची कशाला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिला विचारलं गेलं, "ऑपरेशनही करून टाकू?" आधी ठरलेलं असल्याने ती घाबरली नाही. म्हणाली, "आमचं ठरलंय, ते करणार आहेत."

सव्वा महिन्याच्या तपासणीला छाया पुन्हा सुरू झाली. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते. वार पुन्हा गुरुवारच धरला.

महेश बिनटाक्याची नसबंदी करणार आहे. नियमाप्रमाणे एक मूल वर्षाहून मोठं असलं की पुरतं, पण मुलीचा पहिला वाढदिवस होऊ दे असं दोघांनी ठरवलं. अशक्तपणा येतो, जड काम होत नाही, हे त्याने कारखान्यात ऐकलं होतं. नसबंदीत फक्त शुक्रजंतू येणारी नळी बंद होते. ताकद, इच्छा, दाढीमिशी जिथल्या तिथे राहतात. जागा बधिर करून दहा-पंधरा मिनिटांचं काम, दोन दिवस विश्रांती, आठवडाभर उचलाउचल नाही. मात्र नळीत आधीचं उरलेलं असतं, म्हणून पुढचे तीन महिने दुसरा उपाय चालूच ठेवायचा आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यायची. हे शेवटचं मी दोघांना दोनदा सांगितलं, कागदावरही दिलं.

त्याचा फोन आला होता: दिवसपाळीच्या आठवड्यात करू की रात्रपाळीच्या? दिवसपाळीच्या शुक्रवारी, मी म्हटलं, म्हणजे शनिवार-रविवार घरी पडून राहता येईल. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. वैशालीने मात्र नवं कालनिर्णय आणल्याबरोबर त्या शुक्रवारपासून पुढच्या तीन महिन्यांच्या गुरुवारांवर पेनाने टिपके करून ठेवले आहेत.